बुधवारचा ट्रे

भोकं पाडण्यात माझी निम्मी हयात गेली. हे असं सरळ मी लग्नाआधी सासऱ्यांना सांगितलं असतं तर आज एकटाच राहिलो असतो, म्हणून तेव्हा ‘वर्कशॉप आहे’ एवढंच सांगितलं होतं. अमरावतीच्या एमआयडीसीत माझं छोटंसं वर्कशॉप आहे आणि अकोल्याच्या डाळमिलांना लागणाऱ्या चाळण्या आम्ही करतो. तुरीची चाळणी वेगळी, मुगाची वेगळी, हरभऱ्याची वेगळी. पत्रा घ्यायचा, सारख्या अंतरावर सारखी भोकं पाडायची, चुरी खाली, डाळ वर, गिऱ्हाईक खूश. या कामात माणसाला एक वाईट सवय लागते. भोक दिसलं की आपल्याला सगळं कळलं असं त्याला वाटायला लागतं.

म्हणून अकोल्याच्या एका डाळमिलवाल्यानं फोन केला तेव्हा मी नीट ऐकलंच नाही. त्याची मावसबहीण पॅथॉलॉजिस्ट, अकोल्यात तिची स्वतःची लॅब. तिच्या रक्त तपासायच्या मशीनचा ट्रे तडकला होता. “गोल तबकडी हाये भाऊ, भोकंच भोकं. तुमच्यानं होईन का?” मी म्हटलं, होईन. भोकं म्हटल्यावर मी होच म्हणतो. काहून की नाही म्हणायचा मला सरावच नाही.

मी पोचलो तो बुधवार होता, आणि बुधवार म्हणजे काय हे मला दारातच कळलं. पायऱ्यांवर, बाकांवर, समोरच्या निंबाच्या सावलीत माणसं बसली होती. कोणी दर्यापूरकडचं, कोणी बाळापूरकडचं. पूर्णेच्या काठानं आमच्याकडे खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारट, विहिरीचं खारट, बोअरचं त्याहून खारट. तिथली माणसं म्हणतात, ज्या गावात किडनीचा पेशंट नाही असं एक गाव दाखवा. लॅबच्या समोरच, रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात, दर बुधवारी नागपूरहून किडनीचे डॉक्टर येतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. म्हणजे सकाळी रक्त द्यायचं, दुपारी रिपोर्ट घ्यायचा, रस्ता ओलांडून डॉक्टरांना दाखवायचा, औषधाचा डोस ठरवून घ्यायचा आणि शेवटच्या एसटीनं गावी. या साखळीतली मधली कडी म्हणजे ते मशीन. आणि ते मशीन बंद होतं.

मॅडम स्टुलावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, केस आखूड, चष्मा नाकाच्या टोकावर. मशीन बंद म्हणून सगळं हातानं चाललं होतं. पिपेट नळीत बुडवायची, थेंब उचलायचा, दुसरीकडे सोडायचा, थांबायचं, आकडा वाचायचा, पुढची नळी. पाहत बसावं असा तो हात होता. आमच्याकडचे जुने कारागीर फाइल मारताना जो एक ताल धरतात, तोच. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “बसा भाऊ. हात मोकळा नाही, तोंड मोकळं आहे. बोला.”

बोलल्या मात्र त्याच. मशीन बनवणाऱ्या परदेशी कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं होतं, सुटे भाग मिळत नव्हते. नवं मशीन घेणं या घडीला शक्य नव्हतं. आणि हे सगळं कळल्यासारखा मुंबईच्या एका मोठ्या लॅबचा माणूस त्यांच्याकडे खेपा घालत होता. तुम्ही फक्त रक्त गोळा करा, रात्रीच्या गाडीनं आमच्याकडे पाठवा, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी पेशंटच्या मोबाइलवर. पाटी आमची, डोकेदुखी आमची. जूनअखेरपर्यंत त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं.

मी म्हटलं, एक दिवस उशिरानं असं काय बिघडतं?

तेव्हा पिपेट थांबली. “उद्या रिपोर्ट आला तर दाखवायचा कोनाले? डॉक्टर तर आज संध्याकाळीच नागपूरले गेले. म्हणजे थेट पुढचा बुधवार. तोवर किडनी वाट पाहत बसते का?” मग पुढची नळी उचलत, “अन् मी काही पोस्टमन व्हायसाठी एमडी नाही केलं.”

हातानं करून सगळ्यांचं होत नव्हतं. दर बुधवारी निंबाखालची काही माणसं रिपोर्टशिवाय परत जात होती. मी तडकलेला ट्रे हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि जिभेवर जे आलं ते बोललो. “मॅडम, भोकंच तर पाडायची आहेत. आठवड्यात देतो.”

त्यांनी चष्म्यावरून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “‘थोडा अशक्तपणाच तर आहे’ म्हणत जे येतात ना भाऊ, त्यांचेच रिपोर्ट मले दोनदा तपासा लागतात.”

ट्रे घरी आणून मोजायला घेतला तेव्हा पहिल्यांदा माझी मान खाली गेली. वरवर पाहिलं तर एक गोल तबकडी. बाहेरच्या रांगेत रक्ताच्या नळ्या उभ्या राहतात. आतल्या रांगेत रसायनांच्या बाटल्या, त्या थंड राहाव्यात म्हणून खालून गारवा, आणि वरून झाकण. झाकणाला प्रत्येक बाटलीच्या तोंडावर एक भोक. तबकडी फिरते, थांबते, वरून एक सुई खाली येते, भोकातून आत जाते, थेंब उचलते आणि वर जाते. त्या सुईला डोळे नसतात. आपण जिथे भोक सांगितलं तिथे ते आहेच, अशा विश्वासानं ती खाली येते. डाळमिलच्या चाळणीत एखादं भोक जरा सरकलं तर तुरीचा दाणा तक्रार करत नाही, बाजूच्या भोकातून जातो. इथे भोक केसभर सरकलं तर सुई मोडते. नळी सैल बसली तर कलते, घट्ट बसली तर निघत नाही. गावाकडून येणाऱ्या नळ्यांवर नावाची पट्टी, वर पुन्हा चिकटपट्टी, म्हणजे नळीची जाडी कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी. ज्या कोण्या माणसानं हा ट्रे पहिल्यांदा काढला असेल, तो मला त्या आठवड्यात फार मोठा वाटायला लागला. जेवतानाही मी ताट हळूहळू फिरवून पाहायचो. बायकोनं एकदा विचारलं, भाजीत केस आला का? मी म्हटलं, नाही, विचार करून राहिलो. ती म्हणाली, मग ताट खाली ठेवून कर.

पहिला नमुना मी थ्रीडी प्रिंटरवर काढला. फक्त माप बसतं का ते पाहायला. पांढराशुभ्र, देखणा. आमच्या एमआयडीसीत इतकी देखणी वस्तू कधी तयार झाली नव्हती, म्हणून ती लोकांना दिसावी या हेतूनं मी ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली आणि अकोल्याला निघालो. एप्रिलचा शेवट होता. मूर्तिजापूरला गाडी उन्हात लावली, काचा बंद केल्या, चहा प्यायलो. हॉटेलवाल्याशी कपाशीच्या भावावर तावातावानं बोललो, कपाशीतलं मला काही कळत नसताना. परत आलो तर ट्रेनं डॅशबोर्डचा आकार घेतला होता. तव्यावरून अर्धवट सुटलेल्या धिरड्यासारखी त्याची एक कड लोंबत होती.

शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता. मी तो ट्रे मांडीवर घेऊन, गाडीचा एसी त्याच्यावर सोडून, सरळ करत करत अकोल्याला गेलो. सरळ तो झाला नाही, फक्त दुसरीकडे वाकला. मॅडमनी तो दोन बोटांत धरला, टेक्निशियनला हाक मारली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “हा पापड बाहेर वाळत घालायचा का तळूनच आणायचा?” टेक्निशियन हा त्यांच्याकडे फार वर्षं असलेला, मशीनला जिवापाड जपणारा माणूस. तो इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं.

पण हसून झाल्यावर मॅडमनी तो वाकडा ट्रे माझ्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून विचारायला बसल्या. मशीनच्या आत गार आहे, पण बाहेरची कड उघडी, ती किती तापते? प्लास्टिक पुसायला आम्ही औषध वापरतो, ते त्याला चालतं का? गरम-गार होऊन भोकाचं माप बदलतं का? मला यातलं निम्मं सुचलंच नव्हतं. मी कागद मागितला आणि लिहून घ्यायला लागलो. आजवर मला गिऱ्हाइकं भेटली होती ती ‘कवा देता’ एवढंच विचारणारी. स्वतःच्या यंत्राच्या पोटात काय चालतं याचं इतकं कुतूहल असलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

दुसरा ट्रे मी गिअर ज्या कडक पांढऱ्या प्लास्टिकचे करतात त्या ठोकळ्यातून कोरला. उन्हात ठेवा, गाडीत ठेवा, काही होत नाही. मापं केसाला केस. नळ्या अशा बसायच्या की जणू त्यांच्यासाठीच पाळणा केला. फक्त एक गोष्ट मी माझ्या अकलेनं केली, आणि माझ्या अकलेनं केलेली गोष्ट बहुतेक वेळा ओळखू येते.

जुन्या ट्रेवरचे आकडे पुसून पुसून गेले होते. टेक्निशियनला ते लागत नव्हते, त्याचा हात सवयीनं बरोबर जागी जायचा. मी त्याला विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी डोळ्यांसमोर पंगत आणली. गोल पंगत बसली आहे, सुई म्हणजे वाढपी. वाढपी पहिल्या पानापासून निघतो आणि उजवीकडे पुढे पुढे जातो. झालं, मी एक-दोन-तीन असे आकडे त्याच दिशेनं ओळीनं कोरले. सुंदर आकडे, आत काळा रंग भरलेले.

मॅडमनी ट्रे मशीनमध्ये बसवला. त्यांनी सगळ्या नळ्यांत साधं पाणी भरलं आणि दोन नंबरात गुलाबाचं सरबत. मशीनला सांगितलं, दोन नंबर घे. तबकडी फिरली, सुई खाली गेली, वर आली. पाणी. स्वच्छ, पांढरं पाणी. पुन्हा सांगितलं. पुन्हा पाणी. दोन नंबरातलं सरबत आपल्या जागी लालेलाल बसलेलं.

मी मशीनवर संशय घेतला. मग टेक्निशियनवर. मग मी पंगतीचा सिद्धांत सविस्तर सांगितला, हातवारे करून. मॅडम शांतपणे ऐकत होत्या.

“तुमच्या घरच्या लग्नात,” त्या म्हणाल्या, “वाढपी चालते का पंगत फिरते?”

तेव्हा उजेड पडला. इथे वाढपी खुंटीसारखा एका जागी उभा आणि पंगतच बसल्या बसल्या त्याच्यासमोरून जाते. पंगत उजवीकडे फिरली की एक नंबरनंतर त्याच्यासमोर येतो तो डावीकडचा शेजारी, म्हणजे माझा सगळ्यात शेवटचा नंबर. आकडे उलट्या बाजूनं हवे होते. टेक्निशियन दुसऱ्यांदा हसायला बाहेर गेला. त्या उन्हाळ्यात तो माझ्यामुळे बराच वेळ बाहेर होता.

मॅडम हसल्या, मग त्यांचा चेहरा बदलला. “सरबत होतं म्हणून हसून राहिलो भाऊ. रक्त असतं तर एकाची किडनी दुसऱ्याच्या नावावर गेली असती.” एवढंच. रागावून नाही. पण परत येताना गाडीत मी रेडिओ लावला नाही.

कोरलेला आकडा खोडता येत नाही. पुन्हा नवा ठोकळा, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि या खेपेला, दोन वेळा तोंडघशी पडलेला माणूस करतो ते मी केलं. मागितलं होतं त्याहून जास्त द्यायला गेलो. झाकणाच्या प्रत्येक भोकाला मी खालच्या बाजूनं एक छोटीशी कॉलर ठेवली, नळकांडीच्या तोंडासारखी, म्हणजे सुई जरा सरकली तरी कॉलर तिला हात धरून बाटलीत नेईल. ती कॉलर करताना मी स्वतःवर इतका खूश होतो की कामगारांना बोलावून दाखवली. एकानं विचारलं, जुन्या ट्रेले होती का? मी म्हटलं, नव्हती, हीच तर गोष्ट आहे.

ट्रे बसला. सोमवारी मॅडमनी तो दिवसभर चालवला, मंगळवारी चालवला. त्यांची पद्धत अशी की पेशंटचं रक्त लावण्याआधी कंट्रोल लावायचं. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. मशीननं ते उत्तर बरोबर दिलं तरच पुढे जायचं. दोन्ही दिवस उत्तर बरोबर आलं. मंगळवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला की उद्या पेशंट लावते.

मी नवा शर्ट घालून गेलो. वाटेत पेढेही घेतले.

निंबाखाली नेहमीसारखी गर्दी होती. तिथे बाळापूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाई बसल्या होत्या. शाळेला सुट्टी असून हातात शाळेचीच पिशवी. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की वाढतं ते, किती आहे ते पाहून डॉक्टर पुढचं ठरवणार होते, डायलिसिस लागतं की अजून औषधावर निभतं. त्यांनी हे मला आपणहून सांगितलं, मी लॅबचाच कोणी आहे असं समजून. मीही नाही म्हटलं नाही. नव्या शर्टाचा परिणाम.

सकाळी नळ्या लागल्या आणि थोड्याच वेळात लाइट गेली. जूनमध्ये अकोल्यात लाइट जाणं ही बातमी नाही. इन्व्हर्टरवर मशीन चालत राहिलं, पंखे चालत राहिले, एसी बंद पडला. टेक्निशियननं नेहमीचं केलं. बाहेरचा चाकांचा कूलर ढकलत मशीनच्या खोलीत आणला, पाणी भरलं आणि तोंड मशीनकडे वळवलं. खोलीत वाळ्याचा वास पसरला. बरं वाटलं. मी नव्या शर्टाची कॉलर मागे सारून त्या हवेत जरा पुढे सरकून बसलो.

मॅडम अधूनमधून कंट्रोल लावतच होत्या. एकाचं उत्तर जरा खाली आलं. त्यांनी पुन्हा लावलं. आणखी खाली. तिसऱ्यांदा लावलं आणि म्हणाल्या, थांबवा.

मी स्क्रीनवर पाहिलं. आकड्यांतला फरक मला फार मोठा वाटला नाही. सवयीप्रमाणे मी बोललो, “थोडासाच तर फरक आहे मॅडम.”

“या थोड्याशावरच त्यांच्या औषधाचा डोस ठरते, भाऊ.”

त्या उठल्या आणि स्वतः बाहेर गेल्या. टेक्निशियनला पाठवलं नाही, काउंटरवरच्या मुलीलाही नाही. निंबाखाली उभं राहून सांगितलं की मशीन आज बरोबर सांगत नाही, चुकीचा आकडा मी देणार नाही, हातानं जेवढं होईल तेवढं करते, ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा. मग भर उन्हात रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात गेल्या आणि नागपूरच्या डॉक्टरांना पुढच्या गाडीनं जायची विनंती करून आल्या. डॉक्टर कबूल झाले. आल्या त्या तशाच स्टुलावर बसल्या. पिपेट, थेंब, आकडा. घाम हनुवटीवरून ओघळला तरी हात हलला नाही. माझ्या कामाचं कौतुक ऐकायला आलो होतो आणि त्यांचं काम पाहत बसलो.

दिवस उतरला तरी सगळ्यांचं झालं नव्हतं. बाळापूरच्या बाईंची शेवटची एसटी निघायची वेळ झाली. त्या आत आल्या, म्हणाल्या, “मॅडम, पुढच्या बुधवारी येते.” आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं. पेढ्यांचा डबा मी पायानं खुर्चीखाली सरकवला.

गर्दी संपल्यावर मॅडमनी मशीनचं वरचं दार उघडलं आणि मोबाइलचा टॉर्च लावला. बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “इकडे या भाऊ. तुमचे मोती पाहा.”

झाकणाच्या खालच्या बाजूला, माझ्या प्रत्येक कॉलरच्या टोकाला, पाण्याचा एकेक थेंब लटकत होता. गोल, टपोरा, टॉर्चच्या उजेडात चमकणारा. आम्ही पाहत असतानाच त्यातला एक सुटला आणि थेट खालच्या बाटलीत पडला. थंड झाकण, त्यावर कूलरची ओली हवा. उन्हाळ्यात फ्रिजमधून बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो, तसा झाकणाला घाम. साधं झाकण असतं तर तो घाम कुठेतरी पसरला असता. मी त्याला कॉलर देऊन बरोबर बाटलीचं तोंड दाखवलं होतं. घराच्या वळचणीचं पाणी पन्हाळ लावून तुपाच्या बरणीत सोडावं तसं. रसायन थेंबाथेंबानं पातळ होत होतं आणि उत्तरं खाली जात होती. सोमवारी-मंगळवारी लाइट होती, एसी होता, कूलर बाहेर होता.

टेक्निशियनचा चेहरा उतरला. आज तो हसायला बाहेर गेला नाही. “मले वाटलं, आपल्याले इतकं गरम होते, तर मशीनलेही होत असंन,” तो म्हणाला.

मी लगेच तोडगा सुचवला, आणि तोडगा असा सुचवला की त्यात माझी चूक राहणार नाही. कूलर आत आणायचाच नाही, दारावर तशी पाटी लावायची. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, लाइट जाणार, माणसं तापणार आणि कोणीतरी कूलर ढकलत आणणारच, तो नसला तर दुसरा कोणी, आणि ते मायेनंच आणणार. “कूलर काही अकोल्यातून जात नाही भाऊ. ट्रे बदला.”

ट्रेची रचना मी नंतर बरीच शिकलो, पुस्तकंही वाचली, पण त्या वाक्यापुढे मला कुठे काही मिळालं नाही. मी आजवर मशीनसाठी ट्रे करत होतो. तो लावायचा होता अकोल्यात, जूनमध्ये, लाइट गेलेल्या खोलीत, आपल्या मशीनला वारा घालणाऱ्या माणसाच्या हाताखाली.

झाकण पुन्हा केलं. कॉलर खालून काढून वरच्या बाजूला घेतली, विहिरीच्या कठड्यासारखी, म्हणजे वरचं पाणी भोकात शिरणार नाही. खालची बाजू सपाट ठेवली नाही. कौलारू छपरासारखा मधून कडेकडे उतार दिला, कडेला एक चर, चराला बाहेर जायला वाट. महिना संपत आला होता. मुंबईच्या माणसाला उत्तर द्यायच्या आधी एकच बुधवार उरला होता. मी मंगळवारी सकाळी झाकण घेऊन अकोल्यात हजर झालो. पेढे नाही, जुना शर्ट.

झाकण बसवलं, कंट्रोल लावलं, उत्तर बरोबर. मी सुटकेचा श्वास टाकला. मॅडम म्हणाल्या, हे तर मागच्या मंगळवारीही बरोबर होतं. आणि त्यांनी उठून एसी बंद केला.

“लाइट जायची वाट कशाला पाहायची? मीच घालवते.”

टेक्निशियनला त्यांनी कूलर आणायला लावला. तो आणायला तयार होईना, त्याला दोनदा सांगावं लागलं. पाणी भरून, तोंड थेट मशीनवर. दुपारभर आम्ही तिघं त्या खोलीत बसलो, सगळी हवा मशीनला आणि आम्हाला फक्त तिचा आवाज. मॅडम अधूनमधून दार उघडून टॉर्च मारायच्या, मी त्यांच्या खांद्यावरून डोकवायचो. झाकणाला घाम फुटला. बारीक दव, मग थेंब. एक थेंब जागचा हलला, उतारावर सरकला, वाटेत दुसऱ्याला गाठून मोठा झाला, भोकाच्या बाजूनं गेला आणि कडेच्या चरात उतरला. आयुष्यात पाण्याचा थेंब मी इतक्या भक्तिभावानं कधी पाहिला नव्हता. मॅडमनी कंट्रोल लावलं. बरोबर. काही वेळानं पुन्हा. बरोबर. त्या लावतच राहिल्या. मला वाटलं होतं की बरोबर उत्तर आलं की माणूस थांबतो. त्या प्रत्येक बरोबर उत्तराकडे अशा पाहत होत्या की जणू ते खोटं बोलतंय आणि थोडा वेळ दिला तर कबूल करील.

मध्ये मुंबईच्या माणसाचा फोन आला. त्यांनी त्याला सांगितलं, उद्या बुधवार आहे, परवा करा. मी म्हटलं, मॅडम, आता काय राहिलं? त्या म्हणाल्या, पेशंट राहिले.

बुधवारी बाळापूरच्या बाई सगळ्यात आधी आल्या होत्या. त्यांच्यामागे निंबाखाली रांग भरत गेली. नळ्या ट्रेमध्ये उभ्या राहिल्या, आतल्या रांगेत बाटल्या, आणि तबकडी फिरायला लागली. फिरते, थांबते, सुई खाली, सुई वर. दुपारी लाइट गेली. टेक्निशियननं माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी मानेनंच हो म्हटलं, आणि तो कूलर ढकलत आला. तबकडी फिरत राहिली. मॅडमनी कंट्रोल लावलं, स्क्रीनवर आकडा आला, आणि त्या प्रिंटरकडे वळल्या. पहिला रिपोर्ट निघाला, त्यांनी तो ओळ न ओळ वाचला, सही केली, बाहेर पाठवला. मग दुसरा. निंबाखालची रांग एकेक करून रस्ता ओलांडू लागली.

मुंबईच्या माणसाच्या फोनची मॅडमनी गुरुवारपर्यंत वाट पाहिलीच नाही. रांग अर्धी झाल्यावर त्यांनीच त्याला फोन लावला. आमचं बोलणं इथेच थांबवू या, तुमच्या वेळेबद्दल आभारी आहे, असं अगदी शुद्ध मराठीत सांगितलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, आता आणखी एक ट्रे करून ठेवा, हा तडकल्यावर पुन्हा तुमचे सगळे प्रयोग पाहायची ताकद माझ्यात नाही.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. खरं सांगायचं तर कोणीतरी येऊन ट्रेबद्दल विचारावं अशी माझी इच्छा होती. उत्तर तयार होतं, उतारासकट, चरासकट. बाळापूरच्या बाई रिपोर्ट घेऊन बाहेर आल्या. उभ्या उभ्याच त्यांनी तो वाचला, घडी केली, उघडला आणि पुन्हा वाचला.

“क्रिएटिनिन वाढलं थोडं,” त्या म्हणाल्या.

आकडा बरोबर आहे, असं मला सांगता आलं असतं. पण तो बरोबर होता म्हणूनच तर त्यांचा चेहरा उतरला होता.

“डॉक्टर आहेत ना अजून?”

“आहेत ताई. गाडीले वेळ आहे त्यांच्या. सावकाश दाखवा, सगळं विचारून घ्या.”

त्यांनी पिशवी खांद्याला लावली, एक ऑटो जाऊ दिला, आणि उन्हासाठी रिपोर्टचा कागद कपाळावर आडवा धरून रस्ता ओलांडला.